‘व्हेपर डिपॉझिशन’ला मराठीत काय म्हणायचं? आणि त्या ‘फिल्म’ला?

मुलांच्या विज्ञान अंकासाठी पॅरिलीनवर लिहितेय, म्हणजे वस्तूंवर वाफेतून पातळ थर चढवतात त्या पॉलिमरवर (एक प्रकारचं प्लास्टिक). ‘बहुवारिक पटलाचे बाष्प निक्षेपण’ असं एकांनी सुचवलं, पण सातवीतलं पोर तिथेच अंक मिटेल. दुसरं काही सुचतंय का?

— ताई, पॉलिमर पॉलिमरच राहू द्या. माझी अडचण ‘निक्षेपण’ची आहे. ते म्हटलं की नदीचा गाळ डोळ्यांसमोर येतो, वरून येऊन तळाशी बसणारा. इथे तसं नाही, पॅरिलीनच्या कच्च्या मालाची पांढरी पावडर साधारण 150 अंशांला कापरासारखी उडते, ती वाफ 680 अंशांच्या आसपास तापलेल्या नळीतून गेली की एकेका रेणूचे दोन तुकडे होतात आणि हे तुकडे गार वस्तूवर टेकले की तिथल्या तिथे एकमेकांना धरून साखळी होते, म्हणजे पॉलिमर आधी बनून मग बसत नाही, जागेवरच बनतो, वरून खालून अगदी फटीतसुद्धा. माझी आजी एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताटली उपडी ठेवायची, काळा थर ताटलीच्या पोटाला. ती म्हणायची ‘काजळ धरलंय’. साय धरते, काजळी धरते. म्हणून ‘वाफेतून थर धरणे’.

— ‘धरणे’ फारच छान! पण नॅनोस्ट्रक्चर्ड फिल्मला, म्हणजे अतिसूक्ष्म रचना असलेल्या पातळ पापुद्र्याला, थर नाही चालणार. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात मेलिक डेमिरेल यांच्या गटाने हीच वाफ वस्तूवर एकदम तिरपी सोडली. आधी बारीक टेंगळं उठतात, त्यांच्या आडोशाला वाफ पोचत नाही, मग टेंगळंच वाढत जातात आणि तिरक्या काड्यांचं रान उभं राहतं, एकेक काडी साधारण 150 नॅनोमीटर जाड. याला ‘लव’ म्हणा, पानाच्या मागे असते ना तशी.

— लव गोड आहे पण त्यात दिशा येत नाही. 2010 साली त्यांनी दाखवलं की या काड्यांवर थेंब ठेवून थरथर दिली तर तो एकाच बाजूला सरकतो, उलट जायला अडतो. गवतातून चालून आल्यावर मोज्यात कुसळ शिरतं ते बघा, पुढेच सरकतं, मागे ओढलं की रुततं. मला तर कुसळच आठवतं.

— सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा ‘वाफेतून धरलेली लव’ ठेवते, आणि थेंबाच्या परिच्छेदात कुसळ घेतेच. काजळाची ताटलीपण, आजींच्या नावाने, चालेल ना?

— चालेल काय, आवडेल. फक्त ‘एरंडेल’ काढू नका.