अनुभव धागा : डिस्क गोल्फचे कोर्स मोजत केलेली भटकंती

चक्रधर

गेल्या आठवड्यात यूडिस्क या डिस्क गोल्फच्या अ‍ॅपमधल्या नकाशावर सहज नजर फिरवत असताना माझ्या आयुष्यातल्या पहिल्या कोर्सपुढे ‘कायमचा बंद’ अशी नोंद दिसली. शार्लटबाहेरच्या एका लहान गावातला, नऊच बास्केटचा तो कोर्स कधी नावाजलेला नव्हता. गाड्या लावायला जागा हवी म्हणून बास्केट उपटून नेल्या, एवढेच चौकशीअंती कळले. माझ्या यादीत मात्र तो कायम आहे, कारण खेळून झालेला कोर्स पुढे नाहीसा झाला तरी खेळणाऱ्याच्या हिशेबातून वजा करायचा नाही, असा या छंदातला संकेत आहे. त्या नोंदीमुळे जुन्या कितीतरी फेऱ्या डोळ्यांपुढे आल्या आणि हा धागा काढावासा वाटला.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळण्यातल्या फ्रिस्बीपेक्षा लहान, जड आणि निमुळत्या कडेची डिस्क ठरलेल्या ओट्यावरून फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत लोखंडी साखळ्या लटकवलेल्या बास्केटमध्ये पोहोचवायची. ओट्यापासून बास्केटपर्यंतच्या अशा एका टप्प्याला होल म्हणतात. बहुतेक कोर्स सार्वजनिक उद्यानांत आणि विनाशुल्क असतात. जगभरात असे १५ हजारांहून अधिक कोर्स असून त्यांतले निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेत आहेत, तेव्हा ज्याला मुळातच याद्या करण्याची खोड आहे त्याचे पुढे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

शार्लटमध्ये ही खोड लवकर जडते. २०१२ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथेच झाली आणि हॉर्नेट्स नेस्ट, रेनेसान्स, नेव्हिन यांसारखी उद्याने शहराच्या पोटातच आहेत. जवळचे कोर्स संपल्यावर मी कार्यालयीन दौऱ्यांची हॉटेले कोर्सच्या अंतरावरून निवडू लागलो, आणि ज्या गावांत थांबण्याचे मला दुसरे कोणतेही कारण नव्हते त्यांची पाण्याची टाकी, चर्च आणि बेसबॉलचे मैदान मला आज पाठ आहे.

एक प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. इथून जवळच, दक्षिण कॅरोलायनातल्या रॉक हिल गावी विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा भरते. तिथल्या सतराव्या होलवर बास्केटभोवती गवताच्या गासड्या रचून बेट केलेले असते. डिस्क त्या रिंगणाच्या आत पडून आतच राहिली पाहिजे, एरवी दंडाची फेक पदरात पडते. मी दोरीमागे उभा राहून मातब्बर खेळाडूंच्या डिस्क गासडीच्या वरच्या कडेला आपटून बाहेर घरंगळताना पाहिल्या आहेत. ती सगळी मांडणी स्पर्धेसाठी उभारलेली असते. मग इतर दिवसांत त्याच आवारात खेळून आलेल्या माणसाने विन्थ्रॉप खेळलो असे म्हणावे का?

आपण कुठे कुठे खेळलात आणि काय मोजता, ते सविस्तर लिहावे.

थंडीवाला

मिनेसोटातून लिहितो आहे. आमच्याकडचे बरेचसे कोर्स हिवाळाभर उघडे असतात आणि यादी वाढवायला मला तोच काळ बरा वाटतो, कारण वाटेत गर्दी नसते आणि पाने झडलेली असल्यामुळे झाडांतून बास्केट दिसते. अडचण एकच, डिस्क सापडण्याची. भुसभुशीत बर्फात ती आडवी उतरत नाही, कडेने आत घुसते, आणि वर बोटभर रुंदीची एक चीर तेवढी दिसते. ती चीर नेमकी कुठे पडली हे सोबत्याने फेकीपासून नजर न काढता लक्षात ठेवायचे असते. यावर आमच्या भागातला उपाय म्हणजे डिस्कच्या खालच्या बाजूला हातभर लांबीची रंगीत फीत चिकटवणे. डिस्क बर्फाखाली गेली तरी फितीचे टोक वर राहते. उड्डाण किंचित कमी होते, पण मोजे काढून बर्फ उपसण्यापेक्षा ते परवडते.

साउथ सेंट पॉलच्या कपोझिया उद्यानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओट्यांवर साफ बर्फ होता. तिथे पायाची पकड सुटल्यावर डिस्क कुठे गेली हे महत्त्वाचे राहत नाही, आपण कुठे गेलो हे पाहावे लागते.

अनामिका

मी स्वतः फारशी खेळत नाही. मी या छंदाची बाधित आहे. आमच्या ह्यांच्यामुळे आमच्या घरी कुठल्याही प्रवासाचा सरळ रस्ता उरलेला नाही. नेब्रास्कामार्गे जाताना “वाटेतच आहे” असे सांगून महामार्गावरून आत किती जावे लागते, याचा अनुभव मी आणि मुलांनी घेतलेला आहे. एकदा तर विजा कडाडू लागल्यामुळे शेवटच्या काही बास्केट सोडून गाडीकडे पळत यावे लागले होते.

सांगलीहून सासूबाई आल्या तेव्हा लॉस एंजेलिस दाखवायच्या निमित्ताने ह्यांनी आम्हां सर्वांना पॅसाडेनाजवळच्या हाहामोंग्ना उद्यानात नेले. तिथला ओक ग्रोव्हचा कोर्स १९७५ सालचा, म्हणजे जगातला पहिला कायमस्वरूपी कोर्स. शेजारीच नासाची जेपीएल प्रयोगशाळा आहे, त्यामुळे सासूबाईंचा बराच वेळ असा समज होता की आपण मंगळावर जाणारी यंत्रे बघायला आलो आहोत. हा कोर्स उभारणारे एड हेड्रिक व्हॅम-ओ कंपनीत होते. फ्रिस्बीच्या पाठीवर ज्या बारीक वर्तुळाकार रेघा असतात त्यांची कल्पना त्यांची, आणि साखळ्यांच्या बास्केटचे पेटंटही १९७७ मध्ये त्यांनाच मिळाले. सुरुवातीला इथे बास्केट नव्हत्याच, नुसते खांब होते आणि डिस्क खांबाला लागली की होल संपत असे. मग लागली की नाही यावरून वाद होत, म्हणून साखळ्या आल्या, असे हे सांगतात.

ह्यांनी पुढे सांगितले की २००२ मध्ये हेड्रिक वारल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क तयार करण्यात आल्या. सासूबाई क्षणभर थांबल्या. “म्हणजे ह्यांच्या अस्थी रामकुंडात न सोडता लोक फेकत बसले?” असे विचारून त्यांनी हातातली डिस्क हळूच बाकावर ठेवली. ती साधी, दुकानातून आणलेली डिस्क आहे हे पटवून देण्यातच पुढची दोन होल गेली. त्यानंतर मात्र त्यांनी बास्केटच्या अगदी जवळ उभे राहून साखळ्या वाजवल्या आणि आपलेही नाव यादीत लिहा म्हणाल्या.

चक्रधर

अनामिका, सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. ओक ग्रोव्ह मी अजून पाहिलेला नाही आणि त्यांनी पाहिला, यात सगळे आले.

बेएरियाकर

चक्रधर यांच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या ओट्यापासून शेवटच्या बास्केटपर्यंत, एकही होल न गाळता खेळले तरच कोर्स मोजावा. नऊ होलचा कोर्स चालेल, पण अठरापैकी बारा खेळून पाऊस आला म्हणून परतलो, तर तो कोर्स खेळलेला नाही. अ‍ॅपमध्ये खूण करायला कोणी अडवत नाही, म्हणूनच हे बंधन आपले आपण घालायचे असते.

सांताक्रूझचा डेलाव्हिएगा हा माझ्या मते कॅलिफोर्नियातला सर्वांत खट्याळ कोर्स आहे. तिथल्या उतारांवर डिस्क बास्केटजवळ नीट पडली तरी कड टेकून उभी राहते आणि चाकासारखी घरंगळत खाली निघून जाते, म्हणून तिथे मुरलेले खेळाडू लांबून बास्केट साधण्याऐवजी मुद्दाम आखूड टाकतात. सत्ताविसावे होल ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ म्हणून ओळखले जाते. टेकडीच्या माथ्यावरून डिस्क सोडली की ती इतका वेळ हवेत राहते की सोबत्यांशी दोन शब्द बोलून होतात. अनोळखी माणसेही तिथे थांबून एकमेकांच्या फेकी बघतात. झाडीत डिस्क शोधायला जाताना मात्र तीन-तीन पानांचा पॉयझन ओक ओळखता आलाच पाहिजे, नाहीतर पुढचा आठवडाभर खाजवण्याशिवाय दुसरे काम राहत नाही.

थंडीवाला

बेएरियाकर, आपला नियम कॅलिफोर्नियाच्या हवेत शोभतो. उणे पंधरात बोटे बधिर झालेल्या माणसाला तो सांगून पाहावा.

बॉस्टनवासी

या चर्चेत एक भर घालतो. वूस्टरजवळच्या लेस्टर गावचा मेपल हिल कोर्स नाताळच्या झाडांच्या शेतात वसलेला आहे आणि तिथे शुल्क भरून खेळावे लागते. सोनेरी, निळा, पांढरा, लाल असे वेगवेगळ्या अंतरांचे ओटे आहेत. सोनेरी ओट्यावरून पहिल्याच होलला तळे ओलांडावे लागते, पण लाल ओट्यांवरून तोच कोर्स माझी धाकटी मुलगीही आनंदाने खेळली. मग तिचा कोर्स आणि माझा कोर्स एकच धरायचा का? मी एकच धरतो, कारण तसे न केल्यास आकडा वाढवण्यासाठी माणूस एकाच शेतात चार वेळा फिरेल.

त्या तळ्यात माझी आवडती डिस्क गेली. आमच्याकडे डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या शाईने आपला फोन क्रमांक लिहून ठेवायची पद्धत आहे. पुढे कितीतरी महिन्यांनी एका अपरिचित क्रमांकावरून संदेश आला की गाळ काढताना आपली डिस्क मिळाली आहे, पत्ता कळवावा. पाकीट उघडले तेव्हा डिस्कच्या कडेत हिरवट शेवाळ अडकलेले होते आणि माझ्या क्रमांकातला शेवटचा आकडा जवळजवळ पुसलेला होता. त्या गृहस्थाने दोन-तीन आकडे अंदाजाने लावून पाहिले होते आणि बरोबर माणूस सापडेपर्यंत चिकाटी सोडली नव्हती. टपालखर्चही घेतला नाही.

हेलसिंकीकर

अमेरिकेतली आकडेवारी मोठी असली तरी लोकसंख्येच्या मानाने पाहिल्यास फिनलंड जगात अगदी वरच्या क्रमांकांत बसते. इथे गाव कितीही लहान असले तरी शाळा, वाचनालय आणि डिस्क गोल्फचा कोर्स बहुधा सापडतोच, त्यामुळे मोजणाऱ्या माणसाला एका शनिवार-रविवारात पुष्कळ मजल मारता येते. जूनमध्ये रात्री साडेदहालाही साखळ्या स्वच्छ दिसतात. कामावरून आल्यावर जेवून, भांडी घासून निघाले तरी पूर्ण फेरी होते, आणि मेइलाहतीच्या कोर्सवर त्या वेळी आजीआजोबांपासून बाबागाडी ढकलणाऱ्या आयांपर्यंत सगळे भेटतात.

तांपेरेजवळ नोकिया नावाचे गाव आहे, ज्यावरून मोबाइलच्या कंपनीला नाव मिळाले. युरोपियन ओपन स्पर्धेमुळे नावारूपाला आलेला ‘द बीस्ट’ हा कोर्स तिथे आहे. पुण्याहून आलेल्या माझ्या चुलतभावाला मी नोकियाला जातो आहे असे सांगितले, तेव्हा तो जुना फोन दुरुस्तीसाठी सोबत घेऊन आला होता.

मोजण्याबाबत माझे मत असे की फेकी नोंदवल्या नाहीत तरी चालेल, पण तारीख आणि सोबत कोण होते हे लिहून ठेवावे. माझ्या जुन्या नोंदींत गुण कुठलेच लक्षात राहण्यासारखे नाहीत, माणसे मात्र आहेत.

डोंगरवाट

कोलोरॅडोत येणाऱ्यांना एक सूचना करतो. कॉनिफरचा बीव्हर रँच समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांच्या आसपास आहे. तिथे हवा विरळ असल्यामुळे डिस्कला उचल कमी मिळते आणि उजव्या हाताने बॅकहँड सोडलेली डिस्क अपेक्षेच्या आधीच डावीकडे कलते. घरी सरळ जाणारी डिस्क इथे सरळ जाईल असे गृहीत धरू नये. थोडी झिजलेली, उजवीकडे वळणारी डिस्क सोबत आणावी. विमानाने येत असल्यास डिस्कची पिशवी सुरक्षा तपासणीत उघडली जाण्याची तयारीही ठेवावी. एकावर एक रचलेल्या चकत्या यंत्राच्या पडद्यावर कशा दिसतात कोण जाणे, माझी पिशवी बहुतेक वेळा बाजूला काढली जाते.

परसदार

मी रत्नागिरीजवळ राहतो. मुलाने अमेरिकेहून येताना घडीची बास्केट आणि काही डिस्क आणल्या आणि सुट्टी संपल्यावर त्या इथेच राहिल्या. परसातली विहीर, गोठ्यामागचा फणस, आंब्याच्या दोन रांगा आणि गडगा अशा खुणा धरून मी सहा होल आखले आहेत, आणि एकच बास्केट असल्यामुळे ती उचलून पुढे नेत खेळतो. जांभ्याच्या गडग्यावर आपटून डिस्कच्या कडेला असे कंगोरे पडतात की हात फिरवला तर बोट कापेल, म्हणून दर रविवारी पॉलिश पेपरने त्या घासतो. विहिरीवर जाळी टाकून घेतली आहे.

इथल्या जाणकारांना विचारायचे आहे की हा कोर्स मोजता येईल काय?

बेएरियाकर

परसदार, सहाही होल क्रमाने खेळत असाल तर बेलाशक मोजा.

हेलसिंकीकर

मी मे महिन्यात गणपतीपुळ्याला येणार आहे. आपली परवानगी असल्यास माझ्याही यादीत तो कोर्स घालायचा आहे.

परसदार

अवश्य यावे. आंबे उतरवायचे काम चालू असेल तर तिसरे आणि चौथे होल बंद असतील, तेवढे आधी कळवतो.

बेएरियाकर

मग ते दोन होल उघडेपर्यंत मुक्काम वाढवावा लागेल. नियम म्हणजे नियम.

अनामिका

ह्यांनी आत्ता हा संपूर्ण धागा वाचून काढला. बेएरियाकर यांचा नियम त्यांना मनापासून पटला असून, नेब्रास्कातल्या त्या विजांच्या दिवशी राहिलेल्या बास्केटसाठी नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगला परत जायचे असे त्यांनी मला नुकतेच सांगितले आहे. मुलांना अजून सांगितलेले नाही. बेएरियाकर, आपला पत्ता मिळाल्यास मुले स्वतःच आपल्याला पत्र लिहितील.