किंगडम कम डिलिव्हरन्स २ मध्ये फायटिंग खरंच सुधारलंय का? मदत हवी आहे

या व्हिडिओ गेमचा पहिला भाग (२०१८ चा) पीसीवर कंट्रोलरने खेळतोय, साधारण ४० तास झालेत, सासाऊच्या मठापर्यंत पोचलोय. स्टोरी आणि १४०३ चं बोहेमिया (आजच्या चेकियातला भाग) प्रचंड आवडलंय, आपल्या नायकाला, हेन्रीला, सुरुवातीला धड वाचताही येत नाही आणि ते शिकावं लागतं, असलं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी तरी पाहिलं नाही. पण मारामारीत पार अडकलोय.

एकास एक जमतं. तीन जण अंगावर आले की लॉक (नजर एका शत्रूवर खिळवणारी सोय) भलत्याच माणसावर जातो, मागून वार बसतात, आणि समोरचा प्रत्येक जण मास्टर स्ट्राइक (आपला वार अडवून लगेच उलटा वार) मारतो त्यामुळे आपण आधी वार करायची सोयच राहत नाही. गेममधल्या लढाई शिकवणाऱ्या बर्नार्डकडे तासन्‌तास प्रॅक्टिस केली, चांगलं चिलखत घेतलं, गदा वापरून बघितली, घोड्यावरून पण लढलो, फरक थोडाच पडला. सेव्हसाठी मॉड टाकलाय त्यामुळे सेव्हिअर श्नॅप्सचा (गेम सेव्ह करायला लागणाऱ्या दारूचा) प्रश्न नाही, तो सल्ला नको.

दुसऱ्या भागात वाराच्या दिशा कमी करून चार केल्यात आणि मास्टर स्ट्राइक फक्त तलवारीलाच ठेवलाय एवढं माहितीये. पण गोष्ट पहिला भाग संपतो तिथूनच पुढे सुरू होते म्हणून हा अर्धवट सोडायला जीव होत नाही, आणि आठवड्याला चार-पाच तासच मिळतात.

ज्यांनी दोन्ही खेळलेत त्यांनी स्पॉयलर न देता सांगा, घोळक्याशी लढताना लॉकचा त्रास दुसऱ्यात खरंच कमी झालाय का, की तिथेही हेच आहे?