क्लचप्लेट बदलली, पण गिअरबॉक्स बोटभर अलीकडेच अडतो आहे. मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या गाडीची क्लचप्लेट मी घरीच बदलायला घेतली असून काम शेवटच्या टप्प्यावर येऊन अडले आहे. गिअरबॉक्स परत चढवताना इंजिन आणि बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचे इंजिनाला जोडले जाणारे घंटेसारखे तोंड) यांच्यामध्ये साधारण १० मिलिमीटरची फट राहते आणि ती काही केल्या मिटत नाही. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. आतापर्यंत काय काय केले ते सविस्तर लिहितो, म्हणजे माझे कुठे चुकले हे सांगणे आपणांस सोपे जाईल.

गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, आडव्या इंजिनाची आणि पुढच्या चाकांना ओढ देणारी आहे. पाच गिअर आहेत, क्लच केबलचा आहे आणि गाडी ९२,००० किलोमीटर चाललेली आहे. गेले काही महिने चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, आरपीएमचा काटा वर जायचा, पण वेग होता तिथेच राहायचा. पाठोपाठ जळका वास यायचा आणि पेडल अगदी वर आल्याशिवाय क्लच धरायचा नाही. केबल जास्त ताणलेली राहिली तरीही क्लच असाच घसरतो, म्हणून आधी पेडलचा खेळ (पेडल किती मोकळे दबते ते अंतर) मोजला. तो पुस्तिकेत दिल्याप्रमाणे होता. त्यानंतरच गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय घेतला.

उतरवण्याचे काम अपेक्षेपेक्षा बरे झाले. बॅटरीची ऋण तार काढली, चाके जमिनीवर असतानाच हबचे मोठे नट ढिले केले, गिअर ऑइल खाली काढून घेतले, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, स्टार्टर आणि गिअरचे दांडे सोडवले आणि इंजिनाला खालून लाकडी फळी देऊन आधार दिला. जुनी प्लेट हातात आली तेव्हा शंका उरली नाही. रिव्हेटच्या डोक्यांवर अस्तर नखाला जेमतेम जाणवेल एवढेच शिल्लक होते आणि एका बाजूच्या दोन रिव्हेटांनी प्रेशर प्लेटवर (क्लचप्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीवर) बारीक गोल रेघा ओढायला सुरुवात केली होती. फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर, ज्यावर क्लचप्लेट दाबली जाते) निळसर डाग आणि केसासारख्या बारीक भेगा आहेत. मी तो पॉलिश पेपरने घासून पुसून घेतला. बेल हाउसिंगच्या तळाशी थोडा तेलकट ओलावाही होता, तोही पुसला.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संपूर्ण संच नवा घेतला आहे. प्लेट मध्यावर धरण्याचे खास हत्यार माझ्याकडे नव्हते, त्यामुळे ती नजरेने मध्यावर धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले. गिअरबॉक्स जॅकवर ठेवून पुढे सरकवला की इनपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या दांड्याच्या) खाचा प्लेटमध्ये शिरल्याचे हाताला नीट कळते. त्यानंतर तो थोडा आत जातो आणि शेवटी ठामपणे थांबतो. बेल हाउसिंगचे दोन बोल्ट हाताने लागतात, म्हणून काल पान्याने अर्धा वळसा दिला. तेव्हा आतून ‘कर्र’ असा आवाज आला आणि मी हात आवरता घेतला.

बोल्ट सगळीकडून थोडेथोडे आवळत गेलो तर गिअरबॉक्स आपोआप जागेवर येईल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. फ्लायव्हील आहे तसाच ठेवला तर चालेल का आणि त्या ओलाव्याची चिंता करावी का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

बोल्टांनी मुळीच ओढू नका. बरोबर बसणारा गिअरबॉक्स हाताने ढकलून पूर्ण टेकतो. बोल्टांचे काम त्याला तिथे धरून ठेवण्याचे आहे, आत खेचण्याचे नाही. बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचे असते आणि जोर लावला की पहिल्यांदा त्याचे बोल्ट धरणारे कान तुटतात. कान वाचले तर प्लेटचा मधला हब वाकतो आणि ते गाडी सुरू केल्यावरच कळते.

खाचा शिरल्या आहेत आणि तरी शेवटच्या सेंटिमीटरला अडते, यावरून माझा तर्क असा की शाफ्टचे टोक क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मध्यभागी असलेल्या पायलट बेअरिंगच्या, म्हणजे ते टोक ज्यात बसते त्या छोट्या बेअरिंगच्या, कडेला टेकते आहे. आपल्या इंजिनात ते बेअरिंग आहे ना, याची पुस्तिकेत खात्री करा, कारण पुढच्या चाकांच्या बऱ्याच गाड्यांत ते नसते. असेल तर प्लेट मध्यावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. नजरेने धरलेली प्लेट बोल्ट आवळताना स्वतःच्या वजनाने किंचित खाली सरकते आणि एकदा प्रेशर प्लेटने चिमटीत धरली की तिथेच राहते.

मध्य साधण्यासाठी विकतचे हत्यारच हवे असे नाही. एखादी सरळ दांडी घ्या, तिच्या टोकाला पायलट बेअरिंगच्या भोकात घट्ट बसेल इतकी चिकटपट्टी गुंडाळा आणि थोडे मागे, प्लेटचा हब येतो तिथे, त्याच्या भोकाइतका जाड थर द्या. दांडी आत असतानाच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे घेत, एका वेळी अर्धा अर्धा वळसा देत आवळा. शेवटी दांडी अडथळ्याशिवाय आतबाहेर झाली पाहिजे.

पुन्हा उतरवण्याआधी मात्र फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना मोजून ठेवा. सगळीकडे सारखी असेल तर गोष्ट वेगळी, एका बाजूला जास्त असेल तर गिअरबॉक्स तिरपा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधला पातळ पत्रा आणि डॉवेलच्या (दोन्ही भाग एका रेषेत धरणाऱ्या) नळ्या जागेवर आहेत का, मध्ये एखादी तार चेपली गेली नाही ना, हेही पाहा.

प्रतिसाद २

गाडी कशावर उभी आहे हे आपण लिहिलेले नाही. नुसत्या जॅकवर असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) लावा आणि मागच्या चाकांना ओट द्या. अशा गिअरबॉक्सचे वजन सहज तीस किलोच्या पुढे जाते, आणि तो ढकलताना आपण नकळत सगळी गाडीच ढकलत असतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. गाडी दोन घोड्यांवर आहे, मागची चाके ओट लावून अडवली आहेत आणि हातब्रेक ओढलेला आहे. पायलट बेअरिंग आहे, पुस्तिकेतील आकृतीत स्पष्ट दिसते. फट मोजली: वर ७, खाली १३ आणि दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर. म्हणजे गिअरबॉक्स तिरपाही आहे. उद्या परत उतरवतो. काल जो आवाज आला त्याने नवी प्लेट खराब झाली असेल का?

प्रतिसाद १

प्लेट काढून गिअरबॉक्सच्या शाफ्टवर मोकळी चढवा आणि हाताने सावकाश फिरवा. कडेजवळ एखादा स्थिर खुणेचा तुकडा धरला तर लडबड असल्यास लगेच दिसेल. जुनी प्लेटही तशीच फिरवून बघा, तुलना करता येईल. ‘कर्र’ आवाज बहुधा खाचांवर ताण आल्याचा असावा. अर्ध्या वळशात थांबलात हे उत्तम झाले.

गिअरबॉक्स उतरवताना तो शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. ढकलताना हब वाकत नाही तो नेमका तेव्हा वाकतो.

प्रतिसाद ३

फ्लायव्हील आणि ओलावा हे आपण शेवटी लिहिलेत, पण मला तेच जास्त महत्त्वाचे वाटतात. ओलावा कशाचा आहे हे आधी ठरवा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तसा असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील (तेल अडवणारे कडे) गळते आहे. वास इंजिन ऑइलचा असेल आणि ओघळ फ्लायव्हीलच्या मागून येत असेल तर क्रँकचे मागचे सील गेले आहे. दोन्ही सील सध्या हाताच्या अंतरावर आहेत. पुन्हा तिथे पोहोचायचे तर आपण आत्ता केलेले सगळे काम परत करावे लागेल, आणि नव्या अस्तरावर तेल उडाले की ते अस्तर पुसून वाचत नाही, ते गेलेच म्हणायचे.

निळसर डाग म्हणजे त्या ठिकाणी लोखंड फार तापले होते. तिथला पृष्ठभाग कडक होतो, क्लच धरताना गाडी थरथरते. पॉलिश पेपरने चकाकी जाते, पृष्ठभाग सपाट होत नाही. लोखंडी पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरा, खळगा असेल तर खालून प्रकाश दिसेल. भेगेवरून नख फिरवा, नख अडकले तर फ्लायव्हील लेथवर घासून घ्यावा किंवा बदलावा. दोन तुकड्यांचा, आत स्प्रिंगा असलेला फ्लायव्हील असेल तर घासण्याच्या फंदात पडू नये. साध्या केबलच्या लहान गाडीत तो सहसा नसतोच.

आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, त्यामुळे कोणत्याही क्लचची धूळ ओल्या फडक्याने टिपायची सवय चांगली.

प्रतिसाद ४

मी इथे थोडा असहमत आहे. बारीक भेगा जवळजवळ प्रत्येक वापरलेल्या फ्लायव्हीलवर असतात आणि त्यांच्यावर नवी प्लेट वर्षानुवर्षे चालते. घरी काम करणाऱ्याने फ्लायव्हील उतरवणे म्हणजे नवे बोल्ट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळण्याचा) आणि तो धरून ठेवण्याची सोय, असा व्याप वाढतो. गाडी आधी थरथरत नव्हती तर तो तसाच राहू द्यावा.

प्रतिसाद ३

ओलावा गिअरबॉक्सकडून येत असेल तर आपले म्हणणे मला मान्य आहे. इंजिनाकडून येत असेल तर वादाचे कारणच उरत नाही, कारण ते सील फ्लायव्हीलच्या मागे असते. तो उतरवल्याशिवाय हात पोहोचत नाही, आणि उतरवलाच आहे तर घासून का घेऊ नये?

धागाकर्ता

चार दिवसांनी लिहितो आहे, कारण काम अपेक्षेपेक्षा वाढले.

गिअरबॉक्स खाली घेतल्यावर प्लेटच्या हबमधून पायलट बेअरिंगकडे पाहिले, तेव्हा भोकाचा खालचा भाग झाकला गेला नव्हता आणि वरच्या भागावर मात्र चंद्रकोरीएवढी सावली होती, ती कशी हे काही क्षण कळेना. मग लक्षात आले की प्लेट दोनेक मिलिमीटर खाली सरकली आहे आणि हबची वरची कड भोकाच्या आड आली आहे. एवढ्याशा फरकाने दोन संध्याकाळी खाल्ल्या. शिवाय एका डॉवेलची नळी गिअरबॉक्सच्या भोकात तिरपी अडकून राहिली होती, ती पकडीने काढून इंजिनाच्या बाजूला सरळ बसवली. नवी प्लेट शाफ्टवर फिरवून पाहिली, ती वाकलेली नाही.

ओलावा इंजिनाकडचाच निघाला. सीलच्या ओठाखाली तेलाचा ताजा थेंब बोटाला लागला. त्यामुळे फ्लायव्हील उतरवला, सील बदलले आणि पृष्ठभाग लेथवर घासून घेतला. एका निळ्या डागाजवळच्या भेगेत नख स्पष्ट अडकत होते, म्हणून त्याबाबत मनात शंका राहिली नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घातले आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, समोरासमोर घेत आवळले.

चिकटपट्टी गुंडाळलेल्या दांडीने या वेळी मध्य बरोबर साधला. नव्या प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोणती हे छापलेले होते आणि मी पहिल्यांदाही ती बरोबरच लावली होती, एवढे समाधान. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात दिला आणि जास्तीचे पुसून टाकले. मग मी जॅकवरचा गिअरबॉक्स इंजिनाच्या उताराशी समांतर धरला आणि धाकट्या भावाने क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने सावकाश फिरवला. पाव फेरी झाली असेल नसेल, तोच गिअरबॉक्स हातातून पुढे सरकला आणि ‘ठक्’ करून टेकला. फट चारही बाजूंना शून्य, आणि अजून एकही बोल्ट लावलेला नव्हता.

गाडी सुरू करण्यापूर्वी गिअर ऑइल भरायचे राहूनच जात होते. रिकामी बाटली कुठे दिसत नाही म्हणून शोधायला गेलो, तर भरलेलीच बाटली कोपऱ्यात उभी होती.

आता गिअर अलगद पडतात आणि चौथ्यात क्लच घसरत नाही. मात्र पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडताना हलकीशी थरथर जाणवते. आतापर्यंत ४० किलोमीटर चालवली आहे. हे काळजीचे आहे का?

प्रतिसाद १

अस्तर आणि ताजा घासलेला फ्लायव्हील एकमेकांना बसेपर्यंत एवढी थरथर चालते. पहिले ५०० ते ८०० किलोमीटर जोरात सुटणे, अवजड ओझे आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरणे टाळा. थरथर दिवसागणिक कमी होत गेली पाहिजे. वाढली तर प्रथम इंजिनाच्या माउंटिंगचे (इंजिन गाडीला धरणाऱ्या आधारांचे) बोल्ट पाहा, कारण इंजिन फळीवर तोलून धरले होते तेव्हा ते आपणच ढिले केले असतील. आणखी शंभरेक किलोमीटरांनी पेडलचा खेळ पुन्हा मोजा. नवी प्लेट बसताना तो थोडा बदलतो.

धागाकर्ता

माउंटिंगचा मागचा बोल्ट खरोखरच हाताने फिरत होता. पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळला. पहिल्या गिअरमधली थरथर बरीच कमी झाली आहे, उरलेली किती टिकते ते चालवत पाहतो.