मदत हवी आहे: रोमन भाला (पिलम) घडवला, पण फळीत टोकाच्या पुढे जात नाही

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. मुलांना पुस्तकातलं एक तरी शस्त्र हातात धरून बघता यावं म्हणून गावच्या लोहारकाकांना गळ घातली आणि रोमन सैनिकांचा फेकायचा भाला, 'पिलम', घडवायला घेतला. काका एरवी कोयते आणि पिकासं करतात, पण चित्र बघून तेही रंगले.

एकूण लांबी २ मीटर, वजन दीड किलोच्या आसपास. १२ मिमीच्या चौकोनी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) सळीची ६० सेंमी लोखंडी दांडी, टोकाला ५ सेंमीचा चौपाखी सुळका. दांडीचं खालचं टोक चपटं ठोकून लाकडाच्या खाचेत बसवलं आणि आरपार दोन रिबिटा मारल्या. मुळात ॲशचं लाकूड वापरत. ते इथे कुठून आणणार? काकांनी धामण सुचवली. कुऱ्हाडीचे दांडे तिचेच करतात, लवते पण मोडत नाही.

रविवारी मळ्यात चाचणी घेतली. गवताच्या उडवीपुढे १२ मिमीचं प्लायवूड बांबूंना बांधलं, मुलांना वीस पावलं मागे उभं केलं आणि दहा पावलांवरून फेकला. सहाही वेळा तेच झालं. सुळका आरपार, पण दांडी एक बोटभरही आत नाही. मग लाकडाच्या भाराने बूड खाली येऊन जमिनीवर आपटायचं. चौथ्या फेकीला दांडी लाकडाच्या तोंडाशीच वाकली. सहाव्या फेकीनंतर बघतो तर दोन रिबिटांच्या मध्ये धामणीला उभी चीर.

वाकण्याचं मला फार वाटत नाही. पिलम मुद्दाम वाकावा म्हणूनच मऊ लोखंडाचा करत, असं सर्रास सांगतात. सीझरने इ. स. पू. ५८ मधल्या हेल्वेटी लोकांशी झालेल्या लढाईत लोखंड वाकल्याचं लिहिलंय खरं. पण ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की इ. स. पू. १०१ मध्ये रोमन सेनापती मारियसने दोन लोखंडी खिळ्यांपैकी एक काढून तिथे लाकडी खुंटी घातली, म्हणजे ढालीत रुतल्यावर ती मोडून भाला लोंबकळावा. दांडी दर वेळी आपोआप वाकत असती तर मारियसला ही खटपट कशाला करावी लागली असती? माझ्या मते आधी ढाल भेदून मागच्या माणसापर्यंत पोचणं महत्त्वाचं, आणि तिथेच आमचा भाला कमी पडतोय.

सुळक्याची धारही दोन फेकींत बोथटली. एमएसला पाणी दिलं तरी ते धरत नाही. ट्रकच्या कमानपट्टीचा तुकडा जोडून पाहिला, तर सांधा तडकला. कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
सर, सुळक्याचं बूड १२ मिमी आणि दांडीही १२च! भोक सुळक्याएवढंच पडणार, मग दांडी चारी बाजूंनी घासून अडणारच. सुळक्याच्या मागे दांडी ठोकून ७-८ मिमीवर आणा आणि लाकडाकडे हळूहळू जाड करत न्या. वाकण्याची जागाही मग मुळाशी राहणार नाही. सुळका जोडू नका, आहे त्यालाच कडक करा. पत्र्याच्या बंद डब्यात कोळशाच्या भुकटीत फक्त टोक पुरायचं, बाकी दांडी बाहेर, फटी चिकणमातीने लिंपायच्या. तीन-चार तास लाल ठेवून लगेच पाण्यात. वरचा थर पोलादासारखा होतो, आतला गाभा मऊ राहतो. आणि रिबिटा एका रेषेत मारल्यात का? लाकूड रेषेतच फाटतं. तिरप्या मारा, लाकडाच्या तोंडावर लोखंडी शेंबी चढवा. जर्मनीत ओबरआडेनला सापडलेल्या पिलमांना तशी शेंबी आहे.

धागाकर्ता:
दादा, मनापासून आभार. दांडी ठोकून बारीक केली, टोक साडेतीन तास डब्यात ठेवलं. आज संध्याकाळी पहिल्याच फेकीत प्लायवूडमागे ३४ सेंमी लोखंड बाहेर आलं, मोजपट्टी लावून मुलांनीच मोजलं. सुळक्याच्या कडा अजून हाताला लागतात. मात्र भाला उलटा ओढून निघेना, शेवटी प्लायवूड कापावं लागलं. शेंबी अजून बसवायची आहे. पट्टी ३ मिमीची घेऊ की ५ची, तेवढं सांगा.