अनुभव धागा : गाडीच्या दुरुस्तीचं एस्टिमेट वाजवी आहे हे तुम्ही कसं ओळखता?

मागच्या महिन्यात ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून कर्कश चीं आवाज यायला लागला. गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. दुपारी फोन आला, "मॅडम, पॅड आणि दोन्ही डिस्क बदलाव्या लागतील." सोबत इंजिन फ्लशिंग, एसीची साफसफाई... एकूण 14,800 रुपये. ब्रेकचं नाव काढलं की आपण घाबरतोच, मीही हो म्हणणार होते. बाबांचे जुने मिस्त्री म्हणाले, "थांबा, आधी डिस्क मोजायला लावा. किती झिजेपर्यंत चालते ते तिच्यावरच कोरलेलं असतं."

तशीच गेले. चाक काढलेलंच होतं. डिस्कची कड फडक्याने पुसली तर आकडा दिसला, 20 मिलिमीटर. मोजली तर 21.3 भरली! पॅड मात्र खरोखर संपत आले होते, त्यांच्यावरची पत्र्याची पट्टी घासून तो आवाज येत होता. फक्त पॅड बदलले, बाकीचं खोडायला लावलं. बिल 3,100. मला राग पैशांपेक्षा भीती घातल्याचा आला. तुमचेही अनुभव लिहा, फसलेले आणि न फसलेले, दोन्ही.

कोल्हापूरहून : ताई, माझं उलटं झालं. क्लचसाठी एकाने साडेनऊ हजार सांगितले, दुसऱ्याने साडेसहा. अर्थात साडेसहावाल्याकडे गेलो. त्याने नुसती क्लच प्लेट टाकली. प्रेशर प्लेट आणि बेअरिंग जुनंच. आठ महिन्यांत क्लच दाबला की बेअरिंग ओरडायला लागलं. आता त्या एवढ्याशा बेअरिंगसाठी गिअरबॉक्स परत खाली उतरवायचा, म्हणजे पूर्ण लेबर दुसऱ्यांदा. साडेनऊवाला तिन्ही एकदम बदलणार होता, मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून दोन एस्टिमेट शेजारी ठेवून आधी एकेक ओळ जुळवतो, बेरीज नंतर बघतो.

नाशिकहून : एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, हे मला दोन उन्हाळे गॅस भरल्यावर कळलं. तिसऱ्या मेकॅनिकने आधी लीक शोधलं. कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या भागातली एसीची जाळी) कोपऱ्यात तेलकट डाग होता, गॅस तिथूनच गळत होता.

ठाण्याहून : बिलातला कर जरूर बघा. डब्यावरच्या एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, तरी माझ्या बिलात एमआरपीवर पुन्हा 18 टक्के लावले होते. लेबरवर वेगळा लागतो, ते बरोबर आहे. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या पार्टवर सरसकट 18 टक्केच आहे, आधी बऱ्याच पार्टवर 28 होता. दाखवल्यावर त्यांनी निमूट नवीन बिल दिलं.

साताऱ्याहून : माझं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून आमची बाजू लिहितो. कृपा करून फोनवर आवाज सांगून आकडा मागू नका. खड्ड्यात खडखड होते म्हणजे लिंक रॉड असेल, लोअर आर्मचा बुश असेल, नाहीतर शॉकअपचं माउंटिंग. गाडी लिफ्टवर घेऊन हाताने हलवल्याशिवाय मलाही कळत नाही. त्या तपासणीचे दोन-तीनशे मागितले तर ते लूट नाही. मात्र काय खराब झालंय ते डोळ्यांनी बघण्याचा तुमचा हक्क आहे, आणि जुना पार्ट तुमचाच आहे. मी तो नव्याच्या रिकाम्या डब्यात घालून डिकीत ठेवतो, कुणी मागो न मागो.