तलावाखालून पाण्याचा बोगदा: माळव्याच्या काळ्या दगडात नेमकं काय नडतं?

काळीमाती_इंदूर
यशवंतसागरसारखा तलाव डोळ्यांसमोर ठेवून डिझाइनचा सराव चाललाय. असा प्रकल्प प्रत्यक्षात नाही, आकडेही गृहीत आहेत. पाणी १५ मीटर खोल. काठावर शाफ्ट (उभी विहीर), तिथून तळाखाली ५०० मीटर लांब आणि ३ मीटर व्यासाचा बोगदा, टोकाला इनटेक, म्हणजे पाणी आत घेण्याचं तोंड. वर गाळ, मग मुरूम, मग बेसॉल्ट. डोक्यावर दगड किती ठेवायचा? टीबीएम (बोगदा खोदणारं यंत्र) घ्यायचं की सुरुंग? आणि शेवटी तलावाला जोडायचं कसं?

फेसच्या_पुढे
डोंगरातल्या बोगद्यात भेगेतून पाणी लागलं की बहुतेक वेळा आजूबाजूचं भूजल उतरतं आणि आवक घटते. तलावाखाली ती घटत नाही. भेगेत भरलेली माती धुऊन निघाली की उलट वाढते. त्यामुळे पाणी आत येण्याआधीच अडवायचं, सगळी आखणी यावरच.

डोक्यावरचा दगड मोजायचा तो पक्क्या खडकापासून. मुरूम आणि झिजलेला दगड यात धरू नका, ते नुसतं ओझं आहे. नॉर्वेत समुद्राखालच्या रस्ता-बोगद्यांना ५० मीटरचा नियम आहे, तपास चांगला असेल तर कमी चालतं. तुमच्या व्यासाला २५ मीटर धरा. १५ अधिक २५, म्हणजे किमान ४० मीटर पाणी, ४ बार.

आता आपला दगड. बेसॉल्टचे थर जवळजवळ आडवे, बोगदाही आडवा. दोन थरांच्या सांध्यावर लाल बोल, म्हणजे लाल मातीचा थर, असतो. तो कोरडा असताना कडक, पण ओला झाला की फुगतो, सुटतो. रेषा चुकून त्या पातळीवर बसली तर पूर्ण ५०० मीटर तोच छतात येणार. ४-५ मीटर वर-खाली सरकवून सुटका होते, पण ते बोअरिंगमध्येच कळायला हवं. आणि काळा, घट्ट पाषाण म्हणजे उत्तम असं समजू नका. सांधे त्यातच असतात, पाणी तिथूनच येतं. पांढऱ्या ठिपक्यांचा, भरलेल्या पोकळ्यांचा दगड दिसायला गचाळ, पण बऱ्याचदा अखंड आणि पाणी धरणारा.

बोअरिंग मे महिन्यात करा, पाणी उतरलेलं असतं. जिथे उतरत नाही तिथे पाँटूनवरून (तरंगत्या तराफ्यावरून). भोकं बोगद्याच्या रेषेवर नको, बाजूला घ्या. काम झालं की प्रत्येक भोक तळापासून वर सिमेंटच्या घोळाने भरा. न भरलेलं भोक म्हणजे तलावातून बोगद्यात सोडलेला नळ.

खोदताना फेसमधून (बोगद्याच्या खोदत्या टोकातून) पुढे २५ मीटरची प्रोब होल्स (तपासणीची भोकं), किमान तीन, किंचित बाहेर फाकलेली. पुढच्या फेरीशी ६-८ मीटर ओव्हरलॅप. भोक पाडण्याआधी तोंडाशी स्टँडपाइप (लोखंडी नळी) घट्ट बसवून त्यावर व्हॉल्व्ह लावा, नाहीतर ४ बारच्या पाण्यात रॉड मागे फेकला जातो. किती पाणी आल्यावर ग्राउट करायचं, म्हणजे भेगांत दाबाने सिमेंटचा घोळ भरायचा, तो आकडा करारातच लिहा. फेसवर वाद घालायला वेळ नसतो. बारीक भेगांत साधं सिमेंट शिरत नाही, मायक्रोफाइन (अतिबारीक) लागतं. ग्राउटचा दाब पाण्याच्या दुप्पट-अडीचपट ठेवा. दगड पातळ असेल तिथे त्याहून कमी, नाहीतर छतच उचललं जाईल.

शाफ्टवाला
५०० मीटरसाठी टीबीएम? मशीन जमिनीखाली उतरवायचाच खर्च निघणार नाही. सुरुंगच. वाईट दगडात एका वेळी १ ते १.५ मीटर, मागोमाग शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट).

बोगद्याला शाफ्टपासून फेसकडे हलका चढ द्या, ३०० ला १. पाणी आपोआप मागे वाहील, फेस बुडणार नाही. शाफ्टच्या तळाशी संप, म्हणजे पाणी गोळा होणारा खड्डा. पंप अंदाजाच्या दुप्पट, आणि वीज दोन स्वतंत्र वाटांनी. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाते ते इंदूरकरांना सांगायला नको. शाफ्टजवळ बल्कहेड दारही (पाणी अडवणारं भक्कम दार) हवं.

हवेचंही बघा. २४ जुलै १९१६ ला क्लीव्हलंडला ईरी सरोवराखालच्या पाण्याच्या बोगद्यात मिथेनचा स्फोट झाला होता. बेसॉल्टमध्ये धोका कमी, तरी वरच्या कुजलेल्या गाळातून वायू झिरपू शकतो. गॅस डिटेक्टर ठेवाच.

टॅपिंग_कोयना
जोडणीसाठी लेक टॅपिंग: शेवटचा दगड स्फोटाने उडवून तलाव बोगद्याला जोडायचा. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) १३ मार्च १९९९ ला झालं, मग २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा. काम विजेचं होतं, पद्धत तीच.

टोकाला दगडाचा प्लग ठेवायचा, जाडी तोंडाच्या व्यासाइतकी किंवा थोडी जास्त. ३ मीटर तोंड, ३.५ मीटर जाडी: साधारण २५ घनमीटर दगड, फुटल्यावर ४०. तो पडायला प्लगखाली खड्डा हवा, ६० घनमीटरचा घ्या, गाळही येतो. मागे गेट बंद.

गडबड होते ती बोगद्यातल्या पाण्यात. रिकामा ठेवला तर पाणी दगड घेऊन थेट गेटवर आदळतं. काठोकाठ भरला तर स्फोटाचा धक्का पाण्यातून गेटपर्यंत जातो. म्हणून पाणी भरायचं आणि प्लगखाली दाबलेल्या हवेची उशी ठेवायची. वरचा गाळ आधी पाणबुड्यांकडून काढून घ्या. स्फोटकं आणि डिटोनेटर त्या दाबात, तितके तास भिजून चालणारे हवेत. दुसरी संधी मिळत नाही.

बडोदेकर_माती
आमच्या गाळाच्या जमिनीत यातलं काही चालणार नाही, तिथे समोरची माती-पाणी दाबून धरणारं बंद तोंडाचं टीबीएमच. दुसरा मार्ग अमेरिकेतल्या लेक मीड जलाशयाचा: इनटेक आधी तळावर बसवून पाण्याखाली काँक्रीट ओतलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये टीबीएम थेट त्यात घुसवलं. दाब १४ बारच्या आसपास. तिथेही २०१० मध्ये सुरुवातीलाच फॉल्ट (खडकातला मोठा तडा) लागून पाणी भरलं आणि रेषा बदलावी लागली.

काळीमाती_इंदूर
आभार सगळ्यांचे. अस्तर किती जाड घेऊ? ४ बारला २५० मिमी पुरेल?

फेसच्या_पुढे
ताकदीला पुरेल. दाब ०.४ एमपीए गुणिले त्रिज्या १५०० मिमी, भागिले जाडी २५०: २.४ एमपीए, एम३० काँक्रीटला हे काहीच नाही. अडतं छताशी. काँक्रीट बसून वर पोकळी राहते, तिथे काँटॅक्ट ग्राउट करा. स्टीलचं अस्तर घेतलंत तर बोगदा रिकामा असताना बाहेरच्या पाण्याने ते आत बकल होतं (चेपतं), त्याचा हिशोब वेगळा.

आणि १५ मीटर पाण्यासाठी खऱ्या कामात मी बोगदा सुचवणार नाही. पाँटूनवर पंप ठेवा, खर्च कितीतरी कमी.