सर्वांत लहान देश : आकडे का जुळत नाहीत?

अक्षांश
क्षेत्रफळानुसार सर्वांत लहान दहा देशांचा तक्ता करतोय. दोन याद्या समोर आहेत, पण ताळमेळ बसत नाही. एकीत जिब्राल्टर आणि टोकेलाऊ आहेत, दुसरीत नाहीत. मोनॅको कुठे २.०२ चौ. किमी, कुठे २.०८. सेंट किट्स १६८ की २६१? मालदीवचा आकडा तर एका ठिकाणी थेट ९० हजार! काय धरू?

नकाशेवाला
आधी चाळणी लावा. जिब्राल्टर ब्रिटनच्या ताब्यात, टोकेलाऊ न्यूझीलंडच्या, दोन्ही कापा. सीलँड (इंग्लंडजवळ समुद्रातल्या जुन्या किल्ल्यावरचा स्वयंघोषित ‘देश’) कुठे दिसला, तर त्याला कुणाचीच मान्यता नाही, तोही बाद. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आणि सदस्य नसलेले व्हॅटिकन एवढेच धरले, तर क्रम असा (चौ. किमी): व्हॅटिकन ०.४४, मोनॅको २.०८, नाउरू २१, तुवालू २६, सान मारिनो ६१, लिश्टेनश्टाइन १६०, मार्शल बेटे १८१, सेंट किट्स आणि नेव्हिस २६१, मालदीव २९८, माल्टा ३१६.
१६८ हे एकट्या सेंट किट्स बेटाचे. नेव्हिसचे ९३ त्यात मिळवायचे राहून गेलेत.

रेतीबंदर
मोनॅकोचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त साल वेगळे. समुद्रात भर घालून उभारलेल्या मारेतेरा वस्तीचे उद्घाटन डिसेंबर २०२४ मध्ये झाले आणि ६ हेक्टर वाढले. काँक्रीटच्या १८ अवाढव्य पेट्या तळाशी ओळीने बसवून आधी बांध घातला, मग आत भराव. फाँव्हिए हा भागही असाच १९७० च्या दशकातला. १८६१ मध्ये माँतों आणि रोकब्रून ही आपली गावे फ्रान्सला देऊन बसल्यावर वाढायला उरला तो समुद्रच! तक्त्यात आकड्याशेजारी साल लिहाच.

प्रवाळ
मालदीवच्या ९० हजारांत समुद्र धरलाय. कंकणद्वीपांत (मधल्या पाण्याभोवती कड्यासारख्या पसरलेल्या प्रवाळबेटांत) हा घोळ हमखास होतो. मार्शल बेटांतले क्वाजालीन घ्या: मधले खारकच्छ (बेटांनी वेढलेले समुद्राचे पाणी) २,१७४ चौ. किमी, त्याभोवतीची जमीन जेमतेम १६. त्यामुळे रकान्याला नुसते ‘क्षेत्रफळ’ न म्हणता ‘जमिनीचे क्षेत्रफळ’ म्हणा.
एककही तपासा. व्हॅटिकनसमोर ०.१७ दिसले तर ते चौरस मैल, २.५९ ने गुणा.

अक्षांश
व्हॅटिकनमध्ये कास्टेल गांडोल्फो (रोमजवळचे पोपचे उन्हाळी निवासस्थान) धरायचे का? आणि नाउरूची राजधानी?

नकाशेवाला
नाही. ती ५५ हेक्टरांची मालमत्ता, म्हणजे व्हॅटिकनहून मोठी (गंमतच आहे), पण जमीन इटलीची. इटली आणि पोप यांच्यातल्या १९२९ च्या लॅटरन करारानुसार तिला विशेष सवलती आहेत, इतकेच. नाउरूला अधिकृत राजधानी नाही. सरकारी कचेऱ्या यारेन जिल्ह्यात आहेत; रकान्यात तसेच लिहा.